प्रहराप्रहराची मागणी आणि विजेची वांटणी

बाजारांत एकच जिन्नस दोन दुकानीं निरनिराळ्या भावानें मिळत असेल, तर शहाणा गृहस्थ आधीं स्वस्त दुकान गांठतो, आणि तेथील माल संपल्यावरच महाग दुकानाची पायरी चढतो. विजेच्या बाबतींतही हाच न्याय लागू असावा, असें प्रथमदर्शनीं वाटतें. स्वस्त वीजकेंद्र पूर्ण चालवावें, आणि तें अपुरें पडूं लागलें म्हणजे महाग केंद्राला हात घालावा; यांत अवघड तें काय? परंतु हा साधा नियम विजेच्या राज्यांत पुष्कळदां मोडतो. इतकेंच नव्हे, तर मागणी वाढली असतां स्वस्त केंद्राचें उत्पादन उलट कमी करावें लागतें, असाही प्रसंग येतो. हें कसें घडतें, आणि दिवसाच्या प्रत्येक तासाला बदलणाऱ्या मागणीचा हिशेब कसा मांडावा, हें या लेखांत विद्यार्थिमित्रांस समजावून देण्याचा आमचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही तीन गांवांचें एक लहानसें काल्पनिक जाळें घेणार आहों. कागद, पेन्सिल आणि साधें त्रैराशिक एवढ्या सामग्रीवर दहावीचा विद्यार्थी सर्व हिशेब ताडून पाहूं शकेल, आणि त्यानें तो ताडून पाहावाच.

१. विजेचे तीन स्वभाव

विजेचे तीन स्वभावधर्म आधीं ध्यानांत घेतले पाहिजेत. पहिला हा कीं, वीज तारांमध्यें सांठून राहत नाहीं. ज्या क्षणीं ती खर्च होते, त्याच क्षणीं ती कोठें तरी उत्पन्न व्हावी लागते. खर्च उत्पादनापेक्षां वाढला कीं जनित्रांचीं चक्रें मंदावतात आणि विजेची कंपनसंख्या घसरते. खर्च कमी झाला कीं ती चढते. आपल्या देशांत ही संख्या सेकंदास ५० ठरलेली असून, ती ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राखावी असा दंडक आहे. म्हणजे साऱ्या देशाच्या विजेचा तराजू अहोरात्र जवळजवळ समतोल राहिला पाहिजे.

दुसरा स्वभाव मागणीचा. ती घटकाभरही स्थिर नसते. उत्तररात्रीं गांव निजलेलें असतें तेव्हां ती सर्वांत कमी. सकाळीं पाणी तापविण्यास व गिरण्या सुरू होण्यास प्रारंभ झाला कीं ती चढते. दुपारीं ऋतुमानाप्रमाणें पंखे व पंप तिला वर-खालीं करतात. आणि दिवेलागणीस ती पुनः उसळी घेते. अलीकडे सूर्यशक्तीचीं केंद्रें वाढल्यामुळें सायंकाळचा चढ अधिकच तीव्र झाला आहे. कारण ज्या वेळीं घरोघर दिवे लागतात, नेमक्या त्याच वेळीं सूर्याची वीज मावळते. भारतांत वीजकेंद्रांचें वेळापत्रक आंखतांना दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. आपण सोयीसाठीं एक-एक तासाचाच विचार करूं.

तिसरा स्वभाव वाटेचा. गाडीवान दोन रस्त्यांपैकीं आपल्या मर्जीचा रस्ता धरतो. विजेला तशी मर्जी नाहीं, आणि तिच्या मालकालाही तिच्यावर तशी हुकमत चालवितां येत नाहीं. किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञानें १८४५ मध्यें सांगितलेल्या नियमांप्रमाणें ती उपलब्ध असलेल्या सर्व वाटांनीं एकदम वाहते. ज्या वाटेचा अडथळा कमी, तिकडून अधिक. ज्या वाटेचा अधिक, तिकडून कमी. आपल्या लेखाचें सारें मर्म या तिसऱ्या स्वभावांत आहे.

२. प्रश्न कोणी मांडला

तेव्हां प्रश्न असा: प्रत्येक तासाची मागणी पुरी व्हावी, कोणत्याही वाहिनीवर तिच्या शक्तीपलीकडे भार पडूं नये, सर्व ठिकाणीं विजेचा दाब ठराविक मर्यादेंत राहावा, आणि इतकें सांभाळून एकंदर खर्च कमींत कमी यावा, असें होण्यास कोणत्या केंद्रानें किती वीज निर्माण करावी? यालाच ‘इष्टतम प्रवाहा’चा प्रश्न म्हणतात.

प्रथम लोक जाळ्याचा विचार बाजूस ठेवून केवळ केंद्रांच्या खर्चाची तुलना करीत. जाळ्यांत प्रवाह कसा वाहील हें पाहण्यासाठीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत १९२९ मध्यें विजेच्या जाळ्याची छोटी प्रतिकृति उभारण्यांत आली होती. खऱ्या तारांच्या जागीं लहान वेटोळीं व रोधक जोडून तीवर मोजमापें घेत. पुढें १९५६ मध्यें वॉर्ड व हेल यांनीं हें काम गणकयंत्राकडे सोंपविण्याची रीत दाखविली. खर्चाचा आणि जाळ्याचा हे दोन्ही विचार एकाच गणितांत गुंफण्याचें श्रेय फ्रान्सच्या राष्ट्रीय वीजमंडळांतील कार्पान्तिये या अभियंत्यास देतात. त्याचा निबंध १९६२ मध्यें प्रसिद्ध झाला. नंतर १९६८ मध्यें डोमेल व टिनी यांनीं तें गणित मोठ्या जाळ्यांसाठीं यंत्रावर सोडविण्याची व्यवहार्य पद्धति दिली. म्हणजे ज्या प्रश्नाकडे आपण आज वळत आहों, त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, तरी त्याचें नावीन्य सरलेलें नाहीं.

३. तीन गांवांचें जाळें

आतां उदाहरण घेऊं. क, ख आणि ग अशीं तीन ठिकाणें आहेत. क येथें दगडी कोळशाचें केंद्र असून तेथील वीज युनिटास ३ रुपये पडते. ख येथें वायूवर चालणारें केंद्र असून तेथील वीज युनिटास ७ रुपये पडते. दोन्ही केंद्रांची शक्ति आपल्या गरजेस पुरून उरेल इतकी आहे. ग हें शहर आहे. सारी मागणी तेथेंच. तिन्ही ठिकाणें एकमेकांस तीन वाहिन्यांनीं जोडलेलीं आहेत, आणि तिहींचा अडथळा सारखा आहे. क-ग या वाहिनीवरून १०० मेगावॅटपेक्षां अधिक वीज नेतां येत नाहीं. उरलेल्या दोन वाहिन्यांची मर्यादा प्रत्येकीं १५० मेगावॅट आहे. तारांतील गळती तूर्त सोडून देऊं. एक मेगावॅट वीज एक तास वाहिली म्हणजे १,००० युनिटें झालीं, हें लक्षांत असावें.

क येथून ग येथें वीज पाठविली तर ती कशी जाईल? तिला दोन वाटा आहेत. थेट वाट एका वाहिनीची; ख वरून जाणारी वाट दोन वाहिन्यांची, म्हणून दुप्पट अडथळ्याची. अर्थात् तीन भागांपैकीं दोन भाग थेट जातील आणि एक भाग ख वरून वळसा घेईल. त्याचप्रमाणें ख येथील विजेचे दोन भाग थेट ग येथें, आणि एक भाग क वरून जाईल. म्हणजे क-ग वाहिनीवर क केंद्राच्या उत्पादनाचे दोन-तृतीयांश आणि ख केंद्राच्या उत्पादनाचा एक-तृतीयांश इतका भार पडतो. ही बेरीज १०० च्या आंत राहिली पाहिजे.

हेंच सोपें करून मांडूं. दोन्ही उत्पादनांची बेरीज म्हणजे मागणी. म्हणून क-ग वरील भार म्हणजे मागणी अधिक क चें उत्पादन, यांचा तिसरा हिस्सा. तो १०० हून अधिक नसावा, याचा अर्थ मागणी व क चें उत्पादन मिळून ३०० च्या पुढें जाऊं नयेत. म्हणजेच क चें उत्पादन हें ३०० वजा मागणी, याहून अधिक असूं नये. हें एक सूत्र ध्यानांत ठेवलें कीं पुढील सर्व हिशेब तोंडीं करतां येतो.

ग शहराची एका दिवसाची मागणी आणि प्रत्येक तासाची सर्वांत स्वस्त वांटणी अशी येते:

रात्रीं २ व ३ वाजतां: मागणी ९० मेगावॅट, क ९०, ख ०, तासाचा खर्च २,७०,००० रुपये.
सकाळीं ९ वाजतां: मागणी १५०, क १५०, ख ०, खर्च ४,५०,००० रुपये.
दुपारीं ३ वाजतां: मागणी १२०, क १२०, ख ०, खर्च ३,६०,००० रुपये.
४ वाजतां: मागणी १३५, क १३५, ख ०, खर्च ४,०५,००० रुपये.
५ वाजतां: मागणी १५०; क १५०, ख ०; खर्च ४,५०,००० रुपये.
सायंकाळीं ६ वाजतां: मागणी १६५, क १३५, ख ३०, खर्च ६,१५,००० रुपये.
७ वाजतां: मागणी १८०, क १२०, ख ६०, खर्च ७,८०,००० रुपये.
रात्रीं ८ वाजतां: मागणी २१०, क ९०, ख १२०, खर्च ११,१०,००० रुपये.

वाचकांनीं पांच वाजल्यापासून पुढील ओळींकडे नीट पाहावें. मागणी १५० वरून २१० वर गेली, आणि स्वस्त केंद्राचें उत्पादन मात्र १५० वरून ९० वर आलें! क केंद्राची यंत्रें धडधाकट आहेत, कोळसा भरपूर आहे. तरी त्याला हात आंखडावा लागतो. कारण क-ग ही वाट पांच वाजतांच भरून गेली. त्यानंतर ग शहरास जी जादा वीज हवी ती ख ने पुरवावी. पण ख च्या विजेचाही तिसरा हिस्सा त्याच भरलेल्या वाटेनें जातो. त्या हिश्शाला जागा करून देण्यासाठीं क ने मागें सरणें भाग आहे.

४. अकरा रुपयांचें युनिट

आतां एक गमतीचा प्रश्न विचारूं. रात्रीं आठ वाजतां ग शहरांत कोणीं एक युनिट अधिक जाळलें, तर एकंदर खर्च किती वाढेल? पुष्कळ विद्यार्थी उत्तर देतील कीं, सात रुपये. कारण महाग केंद्राचा भाव तोच आहे. परंतु तें उत्तर चुकीचें आहे. मागणी एकानें वाढली म्हणजे आपल्या सूत्राप्रमाणें क चें उत्पादन एकानें घटलें पाहिजे. तेव्हां ख चें उत्पादन दोहोंनीं वाढलें पाहिजे. दोन युनिटांचे १४ रुपये गेले, एका युनिटाचे ३ रुपये वांचले. खर्च वाढला ११ रुपयांनीं. ताळा पाहणें असेल तर सात व आठ या दोन तासांचा खर्च पाहावा. मागणी ३० मेगावॅटनें वाढली आणि खर्च ३,३०,००० रुपयांनीं. म्हणजे युनिटास बरोबर ११ रुपये.

कोणत्याही केंद्राचा भाव ११ रुपये नाहीं, तरी आठ वाजतां ग शहरांतील विजेचें खरें मोल ११ रुपये आहे. आणि रात्रीं तीन वाजतां त्याच दिव्याला त्याच विजेचें मोल ३ रुपये आहे. विजेचा भाव स्थळाप्रमाणें आणि काळाप्रमाणें बदलतो, हें तत्त्व या एका उदाहरणांत सिद्ध होतें. अमेरिकेच्या पूर्व भागांतील पीजेएम नांवाच्या वीजबाजारांत १९९८ पासून ठिकाणाठिकाणाचे असे निराळे भाव काढण्यांत येतात.

याच रीतीनें वाहिनीचेंही मोल काढतां येतें. क-ग ची मर्यादा १०० ऐवजीं ११० असती, तर आपलें सूत्र ३०० ऐवजीं ३३० चें झालें असतें. मग आठ वाजतां क १२० आणि ख ९० असे चालून खर्च ९,९०,००० रुपये आला असता. म्हणजे १,२०,००० रुपये वांचले असते. वाहिनीच्या एकेका मेगावॅटनें तासास १२,००० रुपये वांचविले, असा याचा अर्थ. परंतु दुपारीं तीन वाजतां हीच जादा शक्ति एक पैही वांचवीत नाहीं. कारण तेव्हां वाट मोकळीच असते. म्हणून नवी वाहिनी बांधावी कीं नाहीं, हें एका तासाच्या हिशेबानें ठरत नाहीं. वर्षाच्या ८,७६० तासांचा हिशेब एकामागून एक करून ती बेरीज पाहावी लागते. तासातासाचें अनुकरण करून पाहण्याची खरी गरज येथें आहे.

५. आठ वाजतांचें काम सहा वाजतां

आतांपर्यंत आपण प्रत्येक तास सुटा धरला. व्यवहारांत तास एकमेकांस बांधलेले असतात. कोळशाच्या भट्टीला वायूच्या शेगडीसारखी कळ नसते; तिची आंच हळूहळू वाढते आणि हळूहळूच उतरते. समजा, क केंद्राचें उत्पादन एका तासांत २० मेगावॅटपेक्षां अधिक वाढवितां किंवा घटवितां येत नाहीं. वरील वेळापत्रक पाहा. सात वाजतां क १२०, आठ वाजतां ९०. म्हणजे ३० ची उतरण. ही गोष्ट अशक्य! जो चालक प्रत्येक तासाचा प्रश्न त्या-त्या तासालाच सोडवील, तो सात वाजतां १२० वर बसलेला असेल; आठ वाजतां त्याला १०० च्या खालीं येतां येणार नाहीं; आणि वाहिनी तर ९० च सोसते. मग वाहिनी तापेल किंवा शहराचा कांहीं भाग अंधारांत जाईल.

यावर उपाय एकच: आठ वाजतांची गरज ओळखून आधींच पावलें टाकावीं. आठ वाजतां ९०, म्हणून सात वाजतां ११०. म्हणून सहा वाजतां १३०. म्हणून पांच वाजतां १५०. अशा रीतीनें मागून पुढें हिशेब केला कीं वेळापत्रक बसतें. सहा वाजतां ख ला ३० ऐवजीं ३५ आणि सात वाजतां ६० ऐवजीं ७० चालवावें लागेल. सहाचा खर्च २०,००० रुपयांनीं व सातचा ४०,००० रुपयांनीं वाढेल. सहा वाजतां जो हिशेबनीस केवळ सहाच्याच खर्चाकडे पाहील, त्याला हे वीस हजार उधळपट्टीचे वाटतील. परंतु ते आठ वाजतांच्या दिव्यांचें मोल आहे. म्हणून चोवीस तासांचा प्रश्न चोवीस सुट्या प्रश्नांत फोडून चालत नाहीं. तो एकच प्रश्न म्हणून सोडवावा लागतो.

६. सांठ्याचें महत्त्व

वीज तारेंत सांठत नाहीं, हें वर सांगितलें. पण ती दुसऱ्या रूपांत सांठवितां येते. स्वस्त वेळीं पाणी पंपानें वरच्या तलावांत चढवावें आणि महाग वेळीं तें खालीं सोडून वीज घ्यावी, या योजनेला उदंचन जलविद्युत् म्हणतात. सह्याद्रींत घाटघर येथें २५० मेगावॅटचें असें केंद्र आहे. विजेच्या मोठ्या बॅटऱ्याही आतां हेंच काम करतात.

समजा, ग शहराजवळ असा एक सांठा आहे, आणि त्यांत घातलेल्या १०० युनिटांपैकीं ८० परत मिळतात. रात्रीं दोन व तीन या दोन तासांत मिळून २५,००० युनिटें त्यांत घातलीं. खर्च ७५,००० रुपये. आठ वाजतां त्यांतून २०,००० युनिटें काढलीं. जाळ्याचा विचार न करणारा म्हणेल, “तीन रुपयांचीं पंचवीस हजार युनिटें घालून तीन रुपयांचींच वीस हजार परत घेतलींत, हा तोट्याचा धंदा!” क-ग वाहिनीला मर्यादा नसती तर त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. परंतु मर्यादा आहे, आणि आठ वाजतां ग येथील युनिटाचें मोल ११ रुपये आहे. म्हणून वीस हजार युनिटांनीं २,२०,००० रुपये वांचतात. शिवाय आठ वाजतां जाळ्यावरील मागणी २१० ऐवजीं १९० राहिल्यामुळें क ला ११० पर्यंतच उतरावें लागतें. सहा व सात वाजतांची आधींची कपात करावी लागत नाहीं, आणि तिचे ६०,००० रुपयेही वांचतात. एकंदर निव्वळ लाभ २,०५,००० रुपये. सारांश, सांठ्याचा गुण केवळ सांठ्यांत नाहीं. तो कोठें ठेवला आणि कोणत्या तासीं उघडला, यांत आहे.

महाराष्ट्रांतील कोयना हें १,९६० मेगावॅटचें जलविद्युत् केंद्र याच कारणास्तव मोलाचें आहे. पाण्याचीं चक्रें कांहीं मिनिटांत सुरू करतां येतात आणि थांबवितां येतात. परंतु वीजनिर्मितीसाठीं पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास लवादानें वार्षिक मर्यादा घातली आहे. म्हणून तें पाणी सकाळच्या सौम्य मागणीवर खर्चावें कीं सायंकाळच्या उसळीसाठीं राखावें, हा तेथें रोजचा प्रश्न आहे.

७. एक तार तुटली तर?

येथपर्यंतचा हिशेब काटकसरीचा झाला. पण काटकसर हेंच सर्वस्व नव्हे. रात्रीं आठ वाजतां क-ग वाहिनी अकस्मात् बंद पडली असें समजा. मग सर्व २१० मेगावॅट वीज एकट्या ख-ग वाहिनीवरून जाऊं पाहील. तिची मर्यादा १५०. तिचें संरक्षक यंत्र तीही वाहिनी तोडील, आणि ग शहर पूर्ण अंधारांत बुडेल. पांच वाजेपर्यंत, म्हणजे मागणी १५० असेपर्यंत, हें संकट नव्हतें. म्हणून जाणते अभियंते एक कडक नियम पाळतात: जाळ्यांतील कोणताही एक घटक गेला तरी उरलेल्यांनीं भार सोसला पाहिजे. क-ग वाहिनीपुरतें पाहिलें तरी आमचें तीन गांवांचें जाळें सहा वाजल्यापासून या परीक्षेंत नापास होतें. त्याला नवी वाहिनी हवी, किंवा ग शहरांतच पुरेसें उत्पादन अथवा सांठा हवा. तेंही नसेल तर ठरवून केलेलें भारनियमन पत्करलें पाहिजे.

हा नुसता पुस्तकी धाक नव्हे. २०१२ च्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस उत्तर भारताचें जाळें मध्यरात्रीनंतर कोसळलें, आणि ३१ तारखेस दुपारीं उत्तर, पूर्व व ईशान्य अशीं तीन जाळीं एकदम कोसळलीं. सुमारें ६० कोटी लोक राहतात त्या प्रदेशाची वीज गेली. दोन्ही दिवशीं आरंभ मध्यप्रदेशांतील बीना-ग्वालियर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीपासून झाला. उत्तरेकडील राज्यें पश्चिमेकडून फार वीज ओढीत होतीं आणि वाटा थोड्या उरल्या होत्या. एक वाट तुटली, तिचा भार शेजारच्या वाटांवर पडला, त्याही तुटल्या. आगगाड्या वाटेंत थांबल्या, आणि कोळशाच्या खाणींत कामगार अडकून पडले. पश्चिमेचें जाळें, ज्यांत महाराष्ट्र येतो, तें मात्र वेगळें होऊन तगलें. पुढें २०१३ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेस रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली जाऊन दक्षिणेसह सारा देश एका जाळ्यांत आला. जाळें जितकें मोठें, तितका परस्परांचा आधार मोठा. आणि हिशेबाची जबाबदारीही तितकीच मोठी.

८. खरा हिशेब आणि खरा दिवस

आमच्या उदाहरणांत सर्व संबंध सरळ रेषेचे होते, म्हणून तें तोंडीं सुटलें. खऱ्या जाळ्यांत गळती असते. दाब राखण्यासाठीं आणखी एका प्रकारच्या शक्तीचा हिशेब ठेवावा लागतो. समीकरणें वक्र असतात. आणि ठिकाणें तीन नसून हजारों असतात. म्हणून तें काम गणकयंत्राकडे देतात. रीत मात्र वरील प्रमाणेंच असते. प्रथम जाळ्याची यादी करावी: ठिकाणें, वाहिन्या, त्यांचे अडथळे व मर्यादा. मग केंद्रांची यादी: शक्ति, भाव, आणि चढ-उताराचा वेग. मग चोवीस तासांच्या मागणीचा तक्ता. नंतर प्रत्येक तास यंत्राकडून सोडवून उत्पादन, वाहिन्यांचा भार व ठिकाणांचे भाव टिपून घ्यावे. शेवटीं तास एकमेकांस बांधून तोच प्रश्न पुनः सोडवावा, आणि दोन उत्तरांत फरक कोठें पडला तें पाहावें. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत तयार झालेली ‘मॅटपॉवर’ ही आज्ञावली या कामासाठीं विनामूल्य मिळते. जिज्ञासु विद्यार्थ्यानें महाविद्यालयांत गेल्यावर ती अवश्य वापरून पाहावी.

तथापि यंत्राला दिलेली मागणी हा अंदाज असतो, आणि अंदाज चुकूं शकतो. २०२० च्या एप्रिलच्या ५ तारखेस रात्रीं नऊ वाजतां नऊ मिनिटें घरचे दिवे मालवावे, असें देशास आवाहन करण्यांत आलें होतें. त्यामुळें मागणी सुमारें १२ ते १३ हजार मेगावॅटनें घटेल, असें अनुमान होतें. प्रत्यक्षांत ती सुमारें ३१ हजार मेगावॅटनें घटली. तरीही जाळें तगलें. कारण जलविद्युत् केंद्रें आधींच मुद्दाम जोरांत चालू ठेवलीं होतीं, आणि त्या मिनिटांत त्यांचें उत्पादन झपाट्यानें उतरविण्यांत आलें. अनुमान चुकलें, पण चुकीला जागा राखून ठेवलेली होती. चांगल्या वेळापत्रकांत अशी जागा नेहमीं असते, आणि तिच्यासाठीं थोडा खर्च सोसणें हें शहाणपणाचेंच आहे.

९. कमींत कमी म्हणजे कोणाचें?

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस लेखणी खालीं ठेववत नाहीं. गणित आपणांस ‘कमींत कमी खर्च’ काढून देतें. पण खर्च या शब्दांत काय धरावें, हें गणित ठरवीत नाहीं. तें माणसें ठरवितात. महाराष्ट्रांत शेतीच्या पंपांस पाळीपाळीनें, दिवसा आठ तास किंवा रात्रीं दहा तास वीज देण्याची पद्धत वर्षानुवर्षें चालत आली. रात्रींची मागणी कमी, म्हणून शेतीचा भार रात्रीं टाकावा, हें रुपयांच्या हिशेबांत अगदीं चोख बसतें. परंतु थंडीच्या दिवसांत मध्यरात्रीं कंदील घेऊन विहिरीकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची झोंप, आणि बांधावरील सापाचें भय, हीं त्या तक्त्याच्या कोणत्याच रकान्यांत नव्हतीं. २०१७ मध्यें राज्य शासनानें सूर्यशक्तीवर शेतीला दिवसा वीज देण्याची जी योजना हातीं घेतली, तिनें हाच हिशेब नव्यानें मांडला. कारण सूर्याची वीज दिवसाच मुबलक असते.

म्हणून विद्यार्थ्यांनो, उत्तर काढण्यापूर्वीं प्रश्न नीट मांडला आहे कीं नाहीं हें पाहात जा. कोणत्या मर्यादा घातल्या, कोणाचा त्रास मोजला, कोणाचा वगळला, हें विचारण्याची संवय लागली तर गणित हें माणसाच्या उपयोगीं पडतें.

अभ्यासासाठीं दोन प्रश्न

पहिला: वरील सांठा ग ऐवजीं ख येथें ठेवला, तर निव्वळ लाभ किती? (उत्तर: ६५,००० रुपये. कारण आठ वाजतां ख येथील युनिटाचें मोल ७ रुपयेच आहे, आणि क ची आधींची कपातही टळत नाहीं.)

दुसरा: वायूच्या विजेचा भाव ७ ऐवजीं ५ रुपये झाला, तर आठ वाजतां ग येथील युनिटाचें मोल काय होईल? (उत्तर: ७ रुपये.) हीं उत्तरें आधीं न पाहतां काढावीं, आणि मगच ताळा घ्यावा.